पुसलेला गुन्हा

सरकार कोणताही गुन्हा विसरू शकतं. त्यासाठी तो आधी सर्वांना माहीत असावा लागतो.

कुवेतमधल्या अहमदीत तेल कंपनीत इंजिनिअर असलेले हरिश्चंद्र सोमण यांनी तरुणपणी नाशिकला, मित्राच्या वरातीतून परतताना, दारूच्या नशेत भाजीच्या हातगाडीवर स्कूटर घातली होती. भाजीवाल्याला खरचटलं, कोर्टाने दंड केला. त्यानंतर हरिश्चंद्र थेंबालाही शिवले नाहीत. पुढे प्रेमाशी लग्न झालं, पण तिला त्यांनी हे सांगितलं नाही. (तिने विचारलंही नव्हतं. मुलगा बघताना हातगाडीची चौकशी कोणी करत नाही.)

दोन हजार दोन साली मुलीच्या, जुईलीच्या, शिक्षणासाठी कॅनडात स्थायिक व्हायचं ठरलं. अर्जात पूर्वीच्या गुन्ह्यांचा रकाना होता. हरिश्चंद्र नावाला जागले. उत्तर आलं: गुन्हा पुसता येईल, मात्र तो ठाऊक असूनही तुम्हाला सज्जन मानणाऱ्या तीन प्रतिष्ठितांची शिफारस हवी.

अडचण एवढीच, की त्यांना सज्जन मानणाऱ्या एकालाही तो ठाऊक नव्हता.

पहिल्यांदा प्रेमाला सांगणं आलं. ती बराच वेळ इस्त्री करत राहिली. मग म्हणाली, "दारूचं जाऊ दे. एवढी वर्षं मला सांगावंसं वाटलं नाही, ते कोण पुसणार?"

यासाठी कॅनडाकडे अर्ज नव्हता.

मिरकाबच्या ऑफिसात तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊंनी गंभीरपणे सही केली आणि कोणालाही न सांगण्याचं वचन दिलं. (बायको 'कोणी' यात मोडत नाही.) जाब्रियाच्या डॉक्टर शर्मिलांनी सही करून यकृतही तपासलं, मोफत. तिसऱ्या सहीसाठी कुठे जावंच लागलं नाही. गणपतीच्या आरतीनंतर बरेच जण आपणहून पुढे आले. तोवर हातगाडीचा टेम्पो झाला होता आणि भाजीवाला दगावला होता.

सहलीला मुलांना सोमणांच्या गाडीत बसवू नये, असा ठराव मंडळाने एकमताने केला. बैठक राजाभाऊंकडे झाली, त्यांच्या न्हाणीघरातल्या पिंपात महिनाभर मुरलेल्या द्राक्षरसाचे पेले हाती घेऊन. (कुवेतमध्ये दारूबंदी असल्यामुळे तो रसच होता.) हरिश्चंद्रांनी तेवढं पाणी मागितलं, तेव्हा सर्वांनी एकमेकांकडे अर्थपूर्ण पाहिलं.

अखेर माफीचं पत्र आलं. प्रेमाने ते दोनदा वाचलं आणि कित्येक आठवड्यांनी त्यांच्या शेजारी येऊन बसली. "यापुढचं काही असलं," ती म्हणाली, "तर आधी मला."

सोमण मंडळी आता टोरांटोत सुखात आहेत. तिथे कोणालाही काही माहीत नाही. तुमचं तिकडे कोणी असेलच. हा विषय त्यांच्यासमोर चुकूनही काढू नका, असं त्यांना आजच फोन करून बजावा.