तीनदा नाकारलेली बरोबरी

धोटाकाका आरशासमोर उभे राहून कानात यंत्र बसवत होते आणि काकू मागून त्यांना सूचना देत होत्या.

"विसाव्या चालीच्या आत बरोबरी मागायची. नाही म्हणाला तर पंचविसाव्याला परत मागायची. अर्धा गुण मिळाला की उठायचं."

"असं सारखं सारखं मागत नाहीत गं."

"न मागून कोण देणारे? आणि निळा शर्ट घाला. विचारायच्या आत सांगते."

काका छत्तीस वर्षं कापडाच्या कारखान्यात मागावर होते. कान तिथेच गेले. पटावरचा हत्तीही ते मागावर सूत घेऊन धावणाऱ्या धोट्यासारखा इकडून तिकडे पळवत, म्हणून बुद्धिबळाच्या क्लबात हे नाव पडलं. वय एकाहत्तर. पाच जणांच्या संघातले सगळ्यात थोरले.

संघात राहायचं तर वर्षाला चार गुण लागत. काकांचे झाले होते साडेतीन आणि डाव उरला होता एक. अर्धा गुण चुकला की ज्येष्ठ गट. ज्येष्ठ गटात घड्याळ लावत नाहीत, मध्येच औषधांच्या वेळा सांभाळतात आणि चुकलेली चाल परत घेऊ देतात. या शेवटच्या गोष्टीनं काकांच्या अंगावर काटा येई. तिथल्या चिटणीसांनी त्यांच्यासाठी खुर्चीवर उशीसुद्धा घालून ठेवली होती.

मागच्या वर्षापर्यंत सगळं ठीक होतं. रोज सकाळी दात घासता घासता एक कोडं सोडवायचं, संध्याकाळी तासभर चालायचं, नऊला आडवं व्हायचं. यंदाही नेम मोडला नव्हता. पण तिसाव्या चालीनंतर डोकं तापायचं, समोरचं प्यादं दिसेनासं व्हायचं. "वय झालं," सगळे म्हणाले. काकांनाही ते पटत चाललं होतं.

—

चाल अकरावी.

समोर औषधवाला. वय एकतीस, स्वतःचं दुकान, यंदा एकही डाव हरलेला नाही. काकांनी उंट पुढे सरकवला आणि त्यांच्या कानातून आवाज आला, टिट् टिट्.

औषधवाल्यानं हात वर केला. पंच आले. एरवी ते शाळेत चित्रकला शिकवत.

"सर, काकांच्या कानात काहीतरी वाजलं."

"बॅटरी उतरली असेल," काका म्हणाले. "ऐकायचं यंत्र आहे ते."

"माझ्याच दुकानात मिळतात ही. फोनला जोडता येतात. काकांवर संशय नाही माझा, पण नियम म्हणजे नियम."

पंचांनी नियमाचं पुस्तक काढलं, चष्मा बदलला, पुस्तक परत ठेवलं. "काढून द्या, काका."

"मग त्यांना ऐकू कसं येणार?" संघाचा कप्तान मध्ये पडला.

"बुद्धिबळात ऐकायचं काय असतं?"

 काका ओठ वाचतात हे क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. मागांच्या खडखडाटात कामगार तसेच बोलत. यंत्र खडूच्या रिकाम्या डबीत गेलं आणि डबी पंचांच्या टेबलावर.

—

आणि पंखा थांबला.

म्हणजे पंखा फिरत होता. काकांपुरता थांबला. त्याच्यामागोमाग खुर्च्यांचं करकरणं गेलं, शेजारच्या टेबलावरचा खोकला गेला, दारापाशी कुणीतरी कपात चमचा फिरवत होतं तेही गेलं. यंदा मुलीनं कौतुकानं यंत्र आणून दिलं तेव्हापासून हे सगळं काकांच्या डोक्यात येऊन बसलं होतं. आता एकेक करून सगळे उठून गेले. उरला पट. त्यावरचा प्रत्येक मोहरा धुऊन ठेवल्यासारखा लख्ख.

काकांनी खाली मान घातली.

—

बरोबरी मागितली की चालीच्या कागदावर "=" अशी खूण करायची असते. औषधवाल्याच्या त्या दिवशीच्या कागदावर हे आहे:

१९. घोडा मागे. =

डाव सारखा चालला होता. औषधवाल्याला संध्याकाळी दुकान उघडायचं होतं. "काका, बरोबरी?" तो हळूच म्हणाला.

प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे काकू खुर्चीच्या कडेला आल्या. काकांची मान खालीच. दोन मिनिटांनी त्यांनी प्यादं पुढे ढकललं.

"नाकारली," कप्तान पुटपुटला.

"अहो, पण त्यांना तेच तर हवं होतं," काकू म्हणाल्या. पंचांनी ओठांवर बोट ठेवून त्यांच्याकडे पाहिलं.

२६. वजीर मागे. =

या वेळी औषधवाल्याचा आवाज जरा मोठा होता. शेजारचे दोन डाव थांबले. काका पटावर इतके वाकले होते की नाक राजाला लागेल. त्यांनी हत्ती उचलला आणि या टोकाचा त्या टोकाला नेला.

आता लोक खुर्च्या सोडून दोरीपाशी जमले.  औषधवाला पटाकडे पाहीना, काकांच्या टकलाकडे पाहू लागला. या माणसाला असं काय दिसतंय? त्यानं राजाच्या बाजूला शोधलं, वजिराच्या बाजूला शोधलं. काही सापडलं नाही, म्हणून तो आणखी घाबरला आणि चांगला उभा असलेला उंट त्यानं कोपऱ्यात नेऊन लपवला.

३४. राजा कोपऱ्यात. =

"काका. बरोबरी देतोय मी."

या वेळी काकांनी मान वर केली. औषधवाल्याच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं. काकूंनी डोळे मिटून घेतले. काकांनी खाली पाहिलं आणि हत्ती परत या टोकाला आणला.

एकेचाळिसाव्या चालीला औषधवाल्यानं हार मानून आपला राजा आडवा ठेवला. टाळ्या वाजवायला बंदी होती, म्हणून सगळे नुसते उभे राहिले.

—

सह्या करताना काकांना त्या खुणा दिसल्या. "या तीन कसल्या?"

"तीनदा मागितली ना मी," औषधवाला म्हणाला. "एकोणिसाव्यालाच तुम्हाला पुढचं दिसलं होतं?"

"छे रे. ऐकूच आलं नाही मला. अर्ध्या गुणासाठीच आलो होतो मी."

औषधवाल्यानं कप्तानाकडे पाहिलं. "बघा. जिंकून वर असं बोलतात," तो म्हणाला आणि काकांच्या पाया पडला.

—

रस्ता ओलांडायला दोघं दिव्यापाशी थांबले. यंत्र काकांच्या खिशात होतं. काकू त्यांच्यासमोर आल्या.

"पहिल्या दोन वेळी कळलं नाही. ठीक. तिसऱ्या वेळी तुम्ही वर बघितलंत."

"हो."

"काय म्हणाला ते कळलं?"

"स्वच्छ."

"अर्धा गुण हातात येत होता. सोडलात?"

"डोकं तापलंच नव्हतं गं," काका जरा ओशाळून म्हणाले. "म्हटलं, पुढं काय होतंय ते बघावं."

चव्वेचाळीस वर्षं आज कुठला शर्ट घालू असं विचारत आलेल्या या माणसाकडे काकू बघत राहिल्या. दिवा बदलला. लोक दोन्ही बाजूंनी निघून गेले.

"पुढच्या वर्षी मी यायची नाही बघायला," त्या म्हणाल्या. "जीव जातो माझा."

काकांनी मान डोलावली आणि चालायला लागले. काकू दोन पावलं मागून म्हणाल्या, "सुरू कधी होतं पुढचं वर्ष?"

काका चालतच राहिले. तेव्हा काकू भरभर पुढे गेल्या, त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी पुन्हा विचारलं.