धोंडीभाऊंचं हिरवं बटण

कशाचाही भाव सांगायचा असला की धोंडीभाऊ आधी मोबाइल पिठाच्या डब्यात ठेवतात. झाकण लावतात, झाकणावर पोळपाट ठेवतात आणि मग दबक्या आवाजात म्हणतात, "मेथी पंधराला जुडी." मोबाइल सगळं ऐकतो, हे त्यांनी कुठंतरी ऐकलेलं. पिठातून त्याला ऐकू येत नाही, हा शोध मात्र त्यांचा स्वतःचा.

आम्ही बोरी बुद्रुकला येऊन तीन वर्षं झाली. बायको इथल्या शाळेत शिक्षिका, मी जवळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. शेजारचं घर धोंडीभाऊंचं. माणसाने सगळी नोकरी कालव्यावर पाटकरी म्हणून काढली, म्हणजे कुणाच्या शेताला कधी आणि किती पाणी सोडायचं ते बघण्यात. आता पेन्शन. लग्न केलं नाही. घरात ते आणि धाकटी बहीण इंदूताई. इंदूताई सेहेचाळीस वर्षांची, पण समज सात-आठ वर्षांच्या मुलीची. भाकरी झकास करते, म्हशीशी गप्पा मारते आणि परकं माणूस दिसलं की पदर दातात धरून दाराआड जाते. आम्ही तिला अजून परकेच होतो.

आमच्याकडे अंधार पडला की लोक उसातल्या बिबट्याच्या धसक्याने कड्या लावून घेतात. धोंडीभाऊ त्याच उसातून, काठी आपटत आणि मोठ्याने खोकत, डेअरीला दूध घालून येतात. "बिबट्या निदान दिसतो तरी," म्हणतात. पण मोबाइलवर नवीन अपडेट आल्याची पट्टी दिसली की याच माणसाच्या कपाळाला घाम फुटतो आणि पुढच्या मिनिटाला तो आमच्या दारात उभा असतो.

"सर, हात फिरला."

हा त्यांचा ठेवणीतला शब्द. कालव्याचं गेट सकाळी चार बोटं वर दिसलं की रात्री कुणाचा तरी हात फिरलेला असायचा. तेव्हापासून जगात जे काही बदलतं ते कुणाच्या तरी हाताने बदलतं आणि त्या हाताचा हेतू वाईट असतो, अशी त्यांची पक्की समजूत.

हे हात सगळ्यात जास्त फिरले ते त्यांच्या खर्चाच्या ॲपवर. पहिल्या ॲपने दोन महिने फुकट चालवून एक दिवस पैसे मागितले. दुसरं ॲप बँकेचे मेसेज वाचायचं. धोंडीभाऊंनी मूळव्याधीचं मलम आणलं आणि मोबाइलवर मूळव्याधीच्या जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा ते चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्याच्या कंपनीने इंग्रजीत पत्र पाठवून दुकान बंद केलं. प्रत्येक वेळी सगळा हिशेब नव्या ॲपमध्ये हलवायचा, आणि हलवायला मी. माझे रविवार त्यांच्या किराण्यात जायला लागले. बायको म्हणायची, तुला आपल्या घरातल्या साखरेचा भाव माहीत नाही, त्यांच्या हिंगाचा आहे.

चौथं ॲप बरं निघालं. पाच महिने शांततेत गेले. सहाव्या महिन्यात धोंडीभाऊ दारात.

"सर, बटण हाललं."

झालं होतं एवढंच, की खर्च लिहायचं हिरवं बटण खाली मधोमध होतं, ते उजव्या कोपऱ्यात गेलं होतं आणि निळं झालं होतं. माझं डोकं फिरलं. मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो, "धोंडीभाऊ, बटण इकडचं तिकडं झालं तर काय आभाळ कोसळलं? शोधायचं आणि दाबायचं."

ते मला त्यांच्या घरी घेऊन गेले आणि आत हाक मारली. "इंदे, कालचं तेल लिहून दाखव जरा."

इंदूताई आली. मोबाइल मांडीवर घेतला आणि न बघता, सवयीने, खाली मधोमध बोट ठेवलं. तिथं आता जाहिरात होती. पडद्यावर भलतंच काहीतरी उघडलं आणि वाजायला लागलं. तिने मोबाइल हळूच जमिनीवर ठेवला, दोन्ही हात पदराखाली लपवले आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तिच्या हातून काहीतरी मोडलं, असं तिला वाटलं होतं.

"तीन म्हैने लागलं व्हतं सर, त्ये बटण शिकवायला," धोंडीभाऊ म्हणाले. "मला सोताला कशाला हिशेब? मी तोंडी करतो. मी गेल्यावर हिचं काय? डब्यात पैसं ठिवून बगितलं. एक घोंगडीवाला आला, पाय दुखत्यात म्हनला, हिनं समदा डबा दिला त्याला. आकडं कळत न्हाईत. रंग कळत्यात. हिरव्याला दाबलं की खर्च. पडद्यावरचा डबा लाल भरला की थांबायचं. येवढंच कळतंय. आन् त्येच हालवत्यात."

मला माझ्या मघाच्या आवाजाची लाज वाटली. तीन वर्षं मी या माणसाला चक्रम समजत होतो.

मग मी म्हणालो, "एक मार्ग आहे. कंपनीच नको. हिशेबाचा प्रोग्राम फुकट मिळतो, तो आपल्याच घरातल्या कॉम्प्युटरवर बसवायचा. मोबाइल फक्त त्याच्याशी बोलणार. बाहेरच्या कुणाचा हात लागणार नाही."

"मंग मालक कोन?"

"तुम्ही."

धोंडीभाऊ मटकन खाली बसले. "मीच मालक झालो, तर तक्रार कुनाकडं करायची?"

भंगारवाल्याकडून एक जुना कॉम्प्युटर घेतला. देवघराशेजारच्या फळीवर बसवला, लाइट गेली तरी चालावा म्हणून खाली बॅटरी लावली आणि अपडेट कायमचे बंद केले. कॉलेजात मी मुलांना याच्या बरोबर उलटं सांगतो. मोबाइलच्या पडद्यावर खर्चाचे तीनच डबे ठेवले, दर दाबाला थोडे थोडे लाल भरणारे, आणि खाली मधोमध हिरवं बटण, चांगलं भाकरीएवढं. धोंडीभाऊंनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं आणि वर पाटी लावली, 'हात लावू नये'. इंदूताईने दोन दिवस लांबून पाहिलं. तिसऱ्या दिवशी तेल लिहिलं.

पुढच्या आठवडे बाजारात धोंडीभाऊंनी मला एका टेंपोच्या मागे ओढलं. समोर इंदूताई एकटी भाजीवालीपुढं उभी होती. तिने जुडी घेतली, नोट दिली, सुटे पैसे मुठीत धरले आणि बाजूला होऊन मोबाइलवर बोट टेकवलं. धोंडीभाऊंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नखं रुतली. मला वाटलं, आता तरी हा माणूस हसेल.

"सर, तुमचं वय काय?" त्यांनी विचारलं.

"चौतीस."

"शुगर, बीपी?"

"नाही."

"घरात कुनाला?"

"वडिलांना आहे शुगर."

त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "आन् म्याडमची बदली कवा?"

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. कॉम्प्युटर त्यांच्या घरात होता, पण तो बिघडला तर उघडणारा माणूस मी एकटा होतो. चार ॲप टाकून देऊन त्यांनी पाचवा मला निवडला होता. आणि बायकोचा बदलीचा अर्ज आम्ही याच वर्षी भरणार होतो.

"एवढ्यात नाही," मी म्हणालो. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "खोटं बोलून आलायस, तर आता ते खरं करावं लागेल."

दुसऱ्या दिवसापासून धोंडीभाऊंनी इंदूताईला नवा धडा दिला. रोज सकाळी सातला आमचं दार वाजवायचं. काही अडलं तर कुणाकडे जायचं, ते पायांना ठाऊक पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पहिले दोन आठवडे ती यायची, एकदाच टकटक करायची आणि मी दार उघडेपर्यंत पळून जायची. मग उभी राहायला लागली. पदर दातात, नजर उंबऱ्यावर. मी विचारायचो, "बरं आहे ना?" ती मान हलवायची आणि परत जायची. एकदा माझ्या बायकोला तिने न विचारता सांगितलं की म्हैस रुसली आहे.

मागच्या मंगळवारी सात वाजले आणि दार वाजलं नाही. सव्वासात झाले. मी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि धावत सुटलो. डोक्यात नको नको ते येत होतं. धोंडीभाऊ पडले असतील. ती एकटीच त्यांच्याजवळ बसली असेल, हात पदराखाली घेऊन, आपल्याच हातून मोडलं असं समजून.

धोंडीभाऊ अंगणात दात घासत होते.

"इंदूताई आली नाही," मी कसाबसा म्हणालो.

"आज मीच म्हनलं, जाऊ नको."

"का?"

त्यांनी चूळ भरली. माझ्या अनवाणी पायांकडे, त्यांना लागलेल्या चिखलाकडे बराच वेळ पाहिलं. मग दाराकडे तोंड करून, आतल्या बहिणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "इंदे, तू न्हाई गेलीस तरी सर येत्यात गं."