नबीलालचाचांचा कॉम्प्युटर आणि झेंडूची पाकळी

संगणकीय गुप्तहेर उदयसिंह रणनवरे यांची नजर घारीची, बुद्धी तलवारीची आणि स्मरणशक्ती हत्तीची होती, असं त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर छापलेलं होतं. मजकूर त्यांचाच होता. मंगळवार पेठेतल्या दुकानाची पाटी मात्र जुनीच होती आणि तिच्यावर ‘रणनवरे कॉम्प्युटर्स : दुरुस्ती, झेरॉक्स, लॅमिनेशन’ एवढंच होतं. सहा वर्षांत त्यांनी एकोणीस प्रकरणं हाती घेतली. त्यातली सतरा दुकानातल्या मेकॅनिक सबिना शिकलगार यांनी सोडवली, एक आपोआप सुटलं आणि एकात गिऱ्हाईकच कंटाळून पुण्याला राहायला गेलं.

विसावं प्रकरण दसऱ्याच्या सकाळी, रिक्षातून, नबीलाल मुल्लांच्या मांडीवर बसून आलं. नबीलालचाचा म्हणजे तीस वर्षं लग्नांचं शूटिंग करणारा माणूस. परवा त्यांच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळला होता. काल, खंडेनवमीला, सबिना सुट्टीवर असताना उदयसिंहांनी एकट्यानं नवा बोर्ड बसवून मशीन घरपोच केलं होतं. आता मशीन सुरू होत होतं, पण आतलं एकही लग्न दिसत नव्हतं.

“कोडोलीच्या अमरसिंहांच्या पोरीचं लगीन हाय ह्यात,” चाचा म्हणाले. “पोरीच्या आज्जानं नातजावयाला आपल्या हातानं फेटा बांधला. आठ दिसांत म्हातारा गेला. आज सोनं वाटून झालं की घरची समदी ते बघायला येणार हायत.”

“कॅमेऱ्याच्या कार्डात असंल की,” सबिना म्हणाली.

“कार्ड पुसून पुढच्या लग्नाला वापरलं. दुसरीकडं कायबी न्हाय.” चाचा म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी कुणाचं लग्न हरवलं नव्हतं, आणि हरवलं ते नेमकं हे.

उदयसिंहांनी खिशातून भिंग काढलं. स्क्रीनवर मशीन विचारत होतं, की ही डिस्क कोरी आहे, नव्यानं तयार करू का? एवढ्या नम्रपणे विचारल्यावर नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बोट ‘हो’वर टेकणार तोच सबिनानं त्यांचं मनगट धरलं.

“सर, तिथं व्हय म्हणू नका. म्हातारा दुसऱ्यांदा जाईल.”

मग तिनं चाचांना समजावलं. त्यांच्या पुतण्यानं काम वेगानं व्हावं म्हणून लग्नं साठवायच्या सगळ्या डिस्का एकत्र जोडल्या होत्या. ह्या जोडणीला रेड म्हणतात. प्रत्येक फायलीचे तुकडे होऊन सगळ्या डिस्कांवर वाटले जातात. एक जरी डिस्क कमी पडली, तर कुठलंच लग्न लागत नाही.

“म्हणजे टोळी,” उदयसिंह म्हणाले, आणि कामाला लागले.

त्यांचा पहिला तर्क असा होता, की नवा बोर्ड आणि जुन्या डिस्का यांचं पटत नाही, नव्या घरी सून रुसावी तसं काहीतरी झालंय. तासभर त्यांनी दोघांना एकमेकांची सवय व्हावी म्हणून मशीन नुसतं सुरू ठेवलं. दुसरा तर्क मुंग्यांचा होता. मुंग्या शोधताना भिंगाखाली झेंडूची एक पाकळी सापडली आणि गुप्तहेराचे डोळे चमकले.

“गुन्हेगाराच्या गळ्यात हार हुता. गेल्या आठवड्यात हार कुणाला पडला? विश्वजितला.”

विश्वजित हा पलीकडच्या गल्लीतला फोटोग्राफर. उदयसिंहांनी त्याला फोन लावला आणि आवाज खर्जात नेला. “काल दुपारी तुम्ही कुठं हुता?”

“तुमच्याच दुकानाच्या दारात,” विश्वजित म्हणाला. “लॅमिनेशनला आल्तो. तुम्ही आतनं कडी लावून बसल्ता.”

फोन पटकन ठेवला गेला. तेवढ्यात सबिनानं मशीन बंद करून पुन्हा लावलं, निळ्या पडद्यावरच्या यादीत खाली गेली आणि एक खूण बदलली. नव्या बोर्डावर ती जोडणी कारखान्यातूनच बंद येते, ती चालू करायची असते, एवढंच होतं. पडद्यावर नवी ओळ आली : डिस्का हजर तीन, गैरहजर एक.

“चाचा, किती हुत्या?”

“चार.”

“सर, काल बोर्ड बसवताना डिस्का खोलून कुठं ठिवल्या हुत्या?”

“सुरक्षित ठिकाणी,” उदयसिंह म्हणाले, आणि त्यांनी भिंग पुसायला घेतलं. खरी गोष्ट सांगण्यासारखी नव्हती. दुकानाच्या मागेच घर होतं आणि पडद्याआड आक्का, म्हणजे त्यांच्या मातोश्री, दसऱ्याच्या पोळ्या लाटत होत्या. “हा चोरीचा गुन्हा हाय. आतल्या माणसाचं काम.” हा तर्क तंतोतंत बरोबर होता, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

पडदा सरकला. आक्का लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

“उदया, काल दुपारी माझा डोळा लागल्यावर देवाम्होरची हत्यारं कुणी उचलली?”

संशय घेण्यात उदयसिंहांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण त्यांनी स्वतःवर कधी संशय घेतला नव्हता.

“पक्कड, पेचकस आन् चार काळे डबे मांडल्ते मी,” आक्का म्हणाल्या. “चारीला हळद-कुंकू लावलं. उठून बघती तर तीन गायब. एक तेवढा झेंडूखाली ऱ्हायलाय.”

“मग आक्का, काल बोलला का न्हाई?” सबिनानं विचारलं.

“म्हटलं, कवा कबूल करतोय बघू.”

उदयसिंहांना खरोखर लाज वाटली. मशीन वेळेत पोचवायच्या घाईत त्यांनी कडी लावून, पूजेतल्या डिस्का चोरट्यासारख्या उचलल्या होत्या, कुंकू शर्टाला पुसलं होतं आणि मोजायचं मात्र राहून गेलं होतं. समोर चाचा त्यांच्याकडं आशेनं बघत होते, हे जास्त लागलं.

“चाचा, माझी चूक हाय,” ते म्हणाले. कार्डावर हे वाक्य नव्हतं. ते आत धावले, तर आक्कांनी लाटणं आडवं धरलं.

“पूजेची उठवणी झाल्याबिगार हात लावायचा न्हाय. आंघूळ कर, निवद दाखव, देवाला सांग काय केलंस ते.”

संगणकीय गुप्तहेरांनी आंघोळ केली, नैवेद्य दाखवला आणि कबुलीजबाब दिला. तो बाहेरपर्यंत ऐकू आला, कारण आक्का “मोठ्यानं” म्हणत होत्या. मग सबिनानं डिस्कवरची हळद फुंकली आणि वायर जोडली. पडद्यावर ‘हजर चार’ आलं. तीस वर्षांतली लग्नं एकापाठोपाठ एक खाली उतरली, तेव्हा चाचा खुर्चीतच बसून राहिले.

सोनं वाटून झाल्यावर कोडोलीची मंडळी दुकानात आली. पडद्यावर आज्जांनी फेटा बांधला, पाठीवरचा शेमला मनासारखा उतरला नाही म्हणून सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतला. नात हसत हसत रडली. चाचांनी आपट्याचं पहिलं पान आक्कांच्या हातावर ठेवलं, दुसरं सबिनाच्या. तिसरं उदयसिंहांना मिळालं, आणि ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं.

सगळे गेल्यावर सबिनानं प्रकरणांची वही उघडली. प्रकरण वीस. तपास : आक्का. आरोपी : उदयसिंह रणनवरे.

उदयसिंहांनी ते दोनदा वाचलं आणि पेन मागितलं. आता खाडाखोड होणार म्हणून सबिनानं वही घट्ट धरली. त्यांनी काहीच खोडलं नाही. आरोपीच्या नावाआधी फक्त ‘संगणकीय गुप्तहेर’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.