मोने मास्तरांची मंडळी

मोने मास्तरांच्या खोलीत शिरणाऱ्याची ओळख आधी गोगलगायींशी करून दिली जाई, मग बसायला पाट मिळे. "ही आमची मंडळी," बरणीकडे हात करून ते म्हणत, "आणि मंडळी, हे घोटावड्याचे पाहुणे." पाहुण्याने यावर काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसे. बरेचजण बरणीला नमस्कार करून मोकळे होत.

वडील गेल्यावर भरे गावातल्या आमच्या घरात आई आणि मी दोघंच उरलो, तेव्हा पुढची खोली आम्ही मास्तरांना भाड्याने दिली. शाळेत शास्त्र शिकवायचे. माणूस समुद्रकाठचा, एकटा, नोकरीपायी डोंगरात येऊन पडलेला. त्यांच्या गावच्या खाडीत ओहोटीला उघडं पडणारं गवत होतं. त्यात नखाएवढे खेकडे, शंखातल्या गोगलगायी, कोलंबीची पिल्लं, मुळाशी किडे असा सगळा संसार. सुट्टीला गेले की त्यातला एक तुकडा चिखलासकट उचलून, खाऱ्या पाण्याचा डबा खांद्यावर घेऊन मास्तर ताम्हिणीचा घाट पायी चढून येत. आईने दिलेल्या लोणच्याच्या बरणीत मंडळींचा मुक्काम पडे आणि आठवड्याच्या आत सगळी राम म्हणत.

गावात बांधावरून भांडण लागलं की मास्तर हमखास मध्ये पडत. "अहो, एका पानावर खेकडा राहतो, गोगलगाय राहते. कुणी मोजणी मागवलीय का?" एकदा भांडणारे दोघेही एक होऊन मास्तरांवरच घसरले. मास्तर खूश. म्हणाले, "मिटलं की नाही?"

एका दिवाळीनंतर मात्र गवत तगलं. नवं पान फुटलं, त्यावर गोगलगायीने अंडी घातली. इतकी वर्षं याच्याचसाठी जीव टाकणारे मास्तर आळीत पेढे वाटत फिरले. अंडी फुटेपर्यंत मोठ्याने शिंकायची आम्हांला बंदी होती.

आणि एका दुपारी मी शेतावरून आलो, तर आई बरणीपाशी बसलेली. शेजारी रिकामी कळशी. बरणीतलं पाणी स्वच्छ, आणि मंडळी तळाशी निपचित.

तेवढ्यात मास्तर शाळेतून आले. आई कौतुकाने म्हणाली, "मास्तर, तुमची मंडळी तानेली हुती. ते खारट पानी वतून दिलं आन् हिरीचं ग्वाड पानी घातलं. लई दमल्यात, निजल्यात बगा."

वडील गेल्यापासून आई आपणहून कशाला हात लावत नव्हती. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी बरणीकडे बघितलं. मग खांद्यावरचं उपरणं काढून तिच्यावर झाकलं.

"बरं केलंत, मावशी. आता निजू देत त्यांना."

शनिवारी शाळा सुटल्यावर मास्तर कुणाला न सांगता घाट उतरले. सोमवारी उगवले ते लंगडत, पायाला फोड, खांद्यावर डबा. आई पाण्याला गेलेली बघून आम्ही दोघांनी बरणी भरली. आई आली, उपरणं उचलून बघते तो खेकडे तुरुतुरु पळताहेत.

"बगा," ती म्हणाली, "ग्वाड पान्यानं कशी तरतरी आली."

"आली खरी. पण पुन्हा नका हं देऊ, मावशी. सर्दी होते त्यांना."

त्यांच्या पायाला हळद-तेल लावताना मी विचारलं, "मास्तर, आईला सांगायचं होतं की. इतक्या वर्षांनी अंडी धरली होती."

मास्तर पायाकडे बघत म्हणाले, "दत्तू, इथे आल्यापासून माझ्या मंडळींना लोक हसले, नमस्कार करून गेले. त्यांना तहान लागली असेल, असं कुणाच्या मनात आलं नव्हतं रे."

आईने पुढे जेवणाचं पान मांडताना मास्तरांना कधी परकं धरलं नाही आणि भाडंही कधी मागितलं नाही. खरी गोष्ट ती जाईपर्यंत आम्ही दोघांनी तिला कळू दिली नाही. त्या माणसाचे उपकार कुठे फेडायचे, हे मला अजून उमगलेलं नाही.