एका बोटाने फिरणारं स्टीअरिंग

एका जंगलात, जिथे रस्ता नवा होता पण वळणं फार जुनी होती, एका सकाळी एक गाडी डावीकडे वळली आणि परत सरळ व्हायला तिने जरा उशीर केला.

अगदी जरासाच. आपण कुणाला हाक मारावी आणि त्याने तोंडातला घास संपवून मग मान वळवावी, तेवढाच.

गाडी शेवरी चालवत होती. शेवरी ही भेकराची मुलगी. मुलांनो, भेकर हे एक छोटं हरीण असतं. काही वावगं दिसलं की ते भुंकतं. शेवरी पदवीपर्यंत शिकलेली होती, त्यामुळे तिला वावगं जरा जास्तच दिसायचं.

ती भुंकली.

मागच्या सीटवर आई होती. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. "काही नाही गं, पान पडलं असेल," आई म्हणाली. शेवरी एवढीशी होती तेव्हापासून आई हेच म्हणत आली होती, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा पानच पडलेलं असायचं.

घरी पोचेपर्यंत स्टीअरिंग इतकं जड झालं की शेवरीला त्यावर ओणवं व्हावं लागलं. तिने गाडी दारासमोरच्या उतारावर लावली. उताराच्या टोकाला वळण होतं. वळणाच्या पलीकडे दरी होती. घाबरू नका, अजून काही झालेलं नाही.

पण संध्याकाळपर्यंत तळ्याकाठी पोचायला हवं होतं. तिथल्या बगळे डॉक्टरांनी आईच्या ऑपरेशनला दुसऱ्या सकाळची वेळ दिली होती. वेळ चुकली की नाव रांगेच्या शेवटी जाई, आणि त्या रांगेत पाडसं उभी राहत नि आजोबा होऊन आत जात. गॅरेज डोंगरापलीकडे होतं. तिथे जायच्या वाटेवरही वळणंच होती.

शेवरीने वाहन-मदत केंद्राला फोन लावला. तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, असं फोनने सांगितलं. मग एक कोकिळा गाऊ लागली.

तोवर शेजारी जमलेच.

आता तुम्हाला आतली गोष्ट सांगते. स्टीअरिंगपासून दोन दांड्या निघतात आणि पुढच्या दोन चाकांना जाऊन मिळतात. आपण स्टीअरिंग फिरवतो, दांड्या चाकांना तसं कळवतात, चाकं वळतात. शेवरीच्या गाडीत हे कळवणं गंजलं होतं. कारण त्या घरात गाडी चालवली कमी आणि पुजली जास्त जायची. दर दसऱ्याला दोन्ही चाकांवर नारळ फुटायचे, पाणी सांध्यांत मुरायचं, आणि गाडी पुढच्या दसऱ्यापर्यंत हार घालून उभी राहायची. मागच्या दाराची आतली कडीही अशीच गंजून बसली होती. ते दार बाहेरूनच उघडावं लागे. त्याने कुणाचं अडलं नव्हतं.

अस्वलमावशींनी मोहाचं तेल आणलं. गुडघा असो की गाडी, तेलाने सुटत नाही असा सांधा त्यांनी पाहिला नव्हता. वानरभाऊंनी मोबाइल आणला. स्टीअरिंग घरच्या घरी कसं सोडवावं याचा व्हिडिओ त्यांनी पाहिलेला होता. गवाकाकांनी काही आणलं नाही. ते स्वतः आले, तेवढं पुष्कळ होतं.

जॅक लावला. तेल ओतलं. वानरभाऊंनी जळता पलिता धरून सांधा तापवला आणि वर हातोडी हाणली. नट हलेना. मग पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवून गवाकाका त्यावर ओठंगले.

कट्ट असा आवाज आला. शेवरी भुंकली. नट सुटला होता. पाठोपाठ दांडीही चाकापासून निघाली आणि खाली लोंबू लागली.

एका चाकावर अन्याय नको म्हणून दुसऱ्या बाजूलाही तेच करण्यात आलं.

वानरभाऊंनी पाहिलेला व्हिडिओ इथेच संपत होता. सुटलेल्या दांडीला नवा सांधा बसवून ती चाकाला परत कशी जोडायची, हे दुसऱ्या भागात होतं. दुसरा भाग त्यांनी पाहिला नव्हता. पाहायची गरजही उरली नाही, कारण त्यांनी गाडीत बसून स्टीअरिंगला बोट लावलं आणि ते गर्रकन फिरलं. सकाळी जे दोन हातांनी हलत नव्हतं ते आता एका बोटाने फिरत होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शेवरीने वाकून चाकांकडे पाहिलं. स्टीअरिंग फिरत होतं आणि चाकं सरळ होती.

तिने हे सगळ्यांना सांगितलं. मग आणखी एकदा, सावकाश सांगितलं.

"पोरी," गवाकाका म्हणाले, "अडकलं होतं तेव्हा भुंकलीस. आता सुटलं तरी भुंकतेस. तुला नेमकं हवंय तरी काय?"

"काका, वळायला हवंय."

गवाकाका हसले. शिकलेल्या मुलींचं समाधान करणं अवघड असतं, असं ते मावशींना म्हणाले. मावशींनी उरलेलं तेल शेवरीच्या डोक्यावर थापलं. डोकं थंड राहिलं की चाकंही वळलेली दिसतील, असं त्यांचं मत पडलं.

फोनमध्ये कोकिळा गातच होती.

त्या जंगलात असा रिवाज होता की गाडीचं काम झालं की चाकांखाली लिंबं ठेवायची, घरातल्या वडीलधाऱ्या बाईला आत बसवायचं आणि गाडी लिंबांवरून पुढे न्यायची. म्हणजे दृष्ट निघते. मावशींनी आईला हाताला धरून मागे बसवलं, मांडीवर औषधांची पिशवी दिली आणि दार लोटलं. शेवरी स्टीअरिंगवर बसायला तयार होईना, तेव्हा तळ्यापर्यंत आपण नेतो असं म्हणून वानरभाऊ बसले. त्यांनी हँडब्रेक सोडायला हात घातला. गवाकाकांनी मागून खांदा लावला.

पुढे लिंबं होती. लिंबांपुढे उतार होता. उताराच्या टोकाला काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. अजूनही काही झालेलं नव्हतं.

शेवरी गाडीपुढे उभी राहून भुंकली. मावशी म्हणाल्या, शुभ कामात असं करू नये. ती परत भुंकली. वानरभाऊंनी हॉर्न वाजवला. मग ती मागच्या काचेशी धावली आणि काचेला तोंड लावून, आवाज फाटेपर्यंत भुंकत राहिली.

आईने मान वळवली. तिला काचेपलीकडचं काही दिसत नव्हतं.

"शेवरे," ती म्हणाली, "पान नाही ना गं ते?"

"नाही, आई."

"मग दार उघड. आतून उघडत नाही."

तात्पर्य: मुलांनो, घाबरट मुलीच्या ओरडण्याला कधी ओ देऊ नये. दिली, की चांगलं बसलेलं माणूस उतरतं, लिंबं चिरडायची राहतात आणि गवाकाका दुखावतात. तळ्यावरची वेळही चुकते. शिवाय त्या मुलीला वाटू लागतं की आपण ओरडलो तर कुणीतरी ऐकतं. ही खोड मग जन्मभर जात नाही.