किल्लीवरून देश

परदेशातून परतलेल्या माणसाला आमचे शेजारी तात्या एकच प्रश्न विचारतात, "तिथं घराची किल्ली कुणाकडं ठेवत व्हतास?"

चाकणच्या कंपनीनं माझ्या नवऱ्याला मध्यंतरी जर्मनीला धाडलं होतं. परतल्यावर तो तिथले पगार, रस्ते, रेल्वे यांचं कौतुक सांगत बसला. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रश्न टाकला.

"खिशातच ठेवायचो."

"मग देश मागास," तात्या म्हणाले.

जपानचाही असाच निकाल लागला. नेपाळ मात्र प्रगत ठरला, कारण आमच्या वॉचमनच्या गावी दाराला कुलूपच लावत नाहीत. नवऱ्यानं दरडोई उत्पन्नाचा विषय काढला, तर तात्या म्हणाले, "उत्पन्न दार उघडाया येतं व्हय?"

तात्या मूळचे चिखलीचे जमीनवाले. त्यांच्या शेतावरच आमची इमारत उभी आहे. मजल्यावरची बाकीची घरं गुंतवणुकीची, कायम बंद, आणि त्यांच्या किल्ल्या तात्यांकडे. दिवेलागणीला ते एकेका बंद दाराची बेल वाजवतात, जरा थांबतात, मग आत जातात. भिंतीपलीकडून आवाज येतो, "बरं हाय ना समदं? जेवला का?" मग उत्तर यायला लागेल तेवढा वेळ ते गप्प राहतात.

शेवटची बेल ते स्वतःच्या दाराची वाजवतात. आत कुणीही नसतं. तात्यांची बायको, काकू, आम्ही इथं राहायला येण्याआधीच वारल्या. एकदा धीर करून मी विचारलंच.

"वाजवावी, सूनबाई. आत कुणी असंल तर दचकाया नको." मग दाराकडं बघत म्हणाले, "ती आत पडली तवा मी पिंपरीच्या बाजारात व्हतो. लोकं भायेर बेल वाजवीत उभी. किल्ली माझ्या खिशात. म्या आलो तवर समदं आटपलं व्हतं. तवा मीबी मागासच व्हतो."

आणि त्यांनी आपल्या घराची जादा किल्ली माझ्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते फेरीला निघाल्यावर मी त्यांच्या घरात जाऊन बसले. दिवा लावायचंही सुचलं नाही. एकेक बेल जवळ येत होती. मला पळून जावंसं वाटत होतं, पण बसून राहिले. मग दारावरची बेल वाजली आणि मी दार उघडलं.

तात्या दचकले नाहीत. चपला काढत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "उशीर झाला गं. लई दारं व्हती."

मला 'गं' ते कधी म्हणत नाहीत.

"बसा," मी म्हणाले, "चहा टाकते."