साहेबरावमामांची चार माणसं

साहेबरावमामा सोनवणे उलटे चालायचे. रस्त्यावर नाही. रस्त्यावर ते तुमच्याआमच्यासारखेच खड्डे चुकवत, पुढे बघून चालत. ते उलटे चालायचे टीव्हीवरच्या परग्रहावर, आणि तेही तीन वर्षं.

खेळ असा होता. कुठल्याशा उजाड ग्रहावर चार सैनिक उतरतात. आपण गच्चीवरून अंगणात पाहावं तसं त्यांना वरून पाहतो. चौघांसाठी चार जॉयस्टिक. चहूबाजूंनी बैलाएवढे किडे धावून येतात, त्यांना गोळ्या घालत यानापर्यंत पोचायचं, चढायचं आणि सुटायचं. इम्रान सगळ्यांत पुढे पळायचा, मधे मी आणि संतोष, आणि सर्वांत मागे मामा, आमच्याकडे पाठ करून एकेक पाऊल मागे सरकत. खेळात पडदा एकच, त्यामुळे शेवटचा माणूस हलल्याशिवाय पुढच्याला पुढे जाता येत नसे. पडद्याच्या कडेला जाऊन इम्रान ओरडायचा, "मामा, चलो ना यार! मैं इधर काँच को चिपक गया!"

"चिपकून ऱ्हाय," मामा शांतपणे म्हणायचे. "मागून कोन येतंय ते कोन बघंल? तुजा बाप?"

मामांचं वय तेव्हा बावन्न. चिकलठाण्याच्या ज्या कारखान्यात आम्ही तिघं मशीनवर होतो, तिथे ते स्टोअरकीपर होते. चष्म्याला दोरी, खिशाला दोन पेनं, आणि चेहरा असा की साधा नटबोल्ट मागायला गेलं तरी आपण चोरीच करतोय असं वाटावं. आम्ही तिघं कारखान्यामागच्या गल्लीत भाड्याच्या खोल्यांत राहायचो आणि त्याच गल्लीत मामांचं दोन खोल्यांचं घर होतं. एका सुट्टीच्या दुपारी त्यांनी मला दारात गाठलं आणि विचारलं, "पाठक, तुला ते गेम खेळता येतंय का? चार मानसं लागत्यात. मी एक हाय." असं आमंत्रण मला आजवर कुणी दिलेलं नाही. आत जाऊन पाहतो तर टीव्हीखाली मशीन, आणि चार जॉयस्टिक्स स्टोअरमधल्या मालासारख्या ओळीने मांडलेल्या. एवढं महागडं यंत्र या माणसाकडे आलं कुठून, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मामांनी स्टोअर त्या ग्रहावरही चालू ठेवलं. वाटेत गोळ्यांची पेटी सापडली की मामा तिच्यावर उभे राहायचे. "कुनाला किती पायजे? आधीच्या संपल्या का? दाखव." संतोष हवेत गोळ्या झाडायचा, त्याला ते माल नेल्याची इशू स्लिप मागायचे. "गोळी म्हंजे पानी हाय रे. सांडू नको." किडे अंगावर येताहेत, इम्रान काचेला चिकटून शिव्या देतोय, आणि मामा विचारताहेत, "सही कोन करनार?"

त्या किड्यांविषयीसुद्धा त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळवळा होता. तो भेगाळलेला तपकिरी ग्रह पाहून ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "हे तर आपल्या जालना रोडच्या पल्याडचं शिवार." मग एका किड्याला गोळी घालून, "पान्यासाठीच निघाली असतील ही बिचारी बी."

पाण्याचं बोलणं त्या वर्षांत सगळीकडे होतं. पाऊस रुसून बसलेला, बोअर आटलेले, आणि शहराला मात्र वाढायची घाई झालेली. आमच्या गल्लीच्या टोकाला सात मजली इमारत उठत होती, तिच्या पायाला पाणी मारायला टँकर यायचे, आणि आमचा नळ पाच दिवसांनी, कधी आठ दिवसांनी. यायची वेळ कुणालाच ठाऊक नसे. गल्लीत कुणीतरी ओरडायचं, "नळ आला रेऽ!" आणि माणसं जेवत्या ताटावरून उठायची.

आता खेळ म्हटल्यावर त्यात थांबायचं बटण असतंच. आम्ही पहिल्या वेळी तेच म्हणालो, "मामा, पॉज करा, पाणी भरून येतो."

"पान्याला पॉज हाय का?" मामा म्हणाले. "मंग ह्याला बी नाय. जावा तुमी. मी बघतो."

तेव्हापासून तशी रीतच पडली. आम्ही तिघं जॉयस्टिक टाकून हंडे, बादल्या, पाइप घेऊन पळायचो. तिकडे ग्रहावर आमचे तिघं सैनिक हात खाली सोडून नुसते उभे, आणि एकटे मामा त्यांच्याभोवती घाण्याच्या बैलासारखे गोल फिरत किडे मारताहेत. मामांचा ड्रम आम्हीच भरायचो, तिघांच्या तीन-तीन बादल्या. अर्ध्या तासाने ओल्या बाह्यांनी परत यावं तर पडद्यावर किड्यांचा खच, आमचे तिघं धडधाकट, आणि मामांच्या सैनिकाचा जीव सुताएवढा उरलेला. कपाळावरचा घाम पुसत मामा म्हणायचे, "घ्या तुमची मानसं. मोजून घ्या." आणि खरंच आम्ही मोजेपर्यंत पुढे सरकू द्यायचे नाहीत. आम्ही हसायचो. बावन्न वर्षांचा माणूस खोट्या माणसांसाठी घामाघूम होतो, याची कारखान्याच्या कँटीनमध्ये मी नक्कलसुद्धा करून दाखवत असे.

भांडण व्हायचं ते शेवटच्या टप्प्यावर. तिथे यान उतरतं, आणि पहिला माणूस आत चढला की तीस आकडे उलटे मोजले जातात. शून्याला यान उडालं की जे चढले ते चढले. एकटा पोचला तरी खेळाच्या लेखी आपण जिंकलो. मामांच्या लेखी नाही. आम्ही दोनदा तिघं पोचलो, एकदा दोघं. प्रत्येक वेळी मामा म्हणाले, "माल पुरा नाय. परत." आणि टप्पा पहिल्यापासून सुरू. इम्रान डोकं धरून बसायचा. "मामा, गेम बोल रहा है जीत गए, तुमको क्या तकलीफ है?"

"चार उतरले व्हते ना? मंग चार चढले पायजेत. मानूस मागं ऱ्हायला नाय पायजे." यापुढे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे.

तिसऱ्या उन्हाळ्यात आमची पांगापांग ठरली. संतोषला पुण्याकडे नोकरी लागली. इम्रान चितेगावच्या एका कंपनीत निघाला होता. मी बीड बायपासच्या पलीकडे कर्ज काढून फ्लॅट घेतला होता, कारण तिथे रोज पाणी येईल असं बिल्डर म्हणाला होता. जायच्या आधीच्या सुट्टीला मामांनी तिघांना बोलावून घेतलं. त्या दिवशी त्यांनी दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. "आज करून टाकू पुरा," एवढंच म्हणाले.

आणि त्या दुपारी आम्ही फारच सुंदर खेळलो. संतोषने एक गोळी वाया घालवली नाही. इम्रान काचेला चिकटला नाही. चौघंही जिवंत, समोर यान उतरलेलं, फार तर वीस पावलं राहिलेली, आणि गल्लीत ओरड झाली, "नळ आलाऽ!"

आठ दिवसांनी आला होता. इम्रान आणि संतोष नेहमीसारखे जॉयस्टिक टाकून पळाले. खिडकीतून माझ्या बायकोचा आवाज आला, "अहो, लवकर या, बाळाचं दूध कालवायलासुद्धा पाणी नाही घरात!" मी उठलो. पण उठता उठता मला वाटलं, माझा एक तरी सुखरूप पोचवून जावं, मामांना राखायला एक कमी. ती वीस पावलं पळालो आणि मी यानात चढलो. तीस आकडे सुरू झाले. माझ्या डोक्यात हंडे होते, आकडे नव्हते.

परत आलो तेव्हा पडद्यावर विजयाची अक्षरं चमकत होती. यान उडून गेलं होतं आणि त्यात मी एकटाच होतो. इम्रान आणि संतोषचे सैनिक तिथेच उभे राहिले होते, आणि मामाही त्यांच्या बाजूलाच. वीस पावलांवर दार उघडं होतं, ते सहज चढू शकले असते.

"मामा, तुम्ही तरी चढायचं ना!" मी हसत म्हणालो.

मामांनी जॉयस्टिक हळूच खाली ठेवली. "तू पोचलास," ते म्हणाले. "मोजून घे. एक."

एवढ्याशा खेळावरून माणूस किती मनाला लावून घेतो, असं म्हणत मी घरी आलो. पुढच्या आठवड्यात सामान टेम्पोत भरलं. मामा दारात उभे राहून दोऱ्या ताणून पाहत होते, बाळाच्या हातात त्यांनी बिस्किटाचा पुडा दिला.

नव्या फ्लॅटला पाणी टँकरचंच निघालं, ते सोडा. सहा-सात महिने मी त्या गल्लीत फिरकलो नाही. कारखाना तोच होता, स्टोअर तेच होतं, मामा खिडकीतून वस्तू द्यायचे, स्लिप मागायचे. मग एकदा ते चार दिवस दिसले नाहीत. ताप आहे असं कळलं, म्हणून सुट्टीच्या दुपारी गेलो.

दार लोटलेलं होतं. आतून गोळ्यांचा आवाज येत होता. मामा पाठमोरे बसले होते, अंगावर शाल. समोर चारही जॉयस्टिक्स मांडल्या होत्या. पहिली उचलून ते एका सैनिकाला चार पावलं पुढे नेत, ती ठेवून दुसरी उचलत, दुसऱ्याला चार पावलं नेत. मग तिसरी. मग स्वतःची घेऊन उलटे फिरून मागचे किडे मारत. आणि पुन्हा पहिली. बरोबर कुणी नसताना हा माणूस चौघांना यानाकडे नेत होता. मी दारातच थांबलो. मी कँटीनमध्ये यांची नक्कल करायचो, हे आठवून मला स्वतःची शिसारी आली.

"ये पाठक," ते मागे न बघता म्हणाले. मागून कोण येतंय ते त्यांना कळायचंच. "बस. तुजी काडी घे."

मी बसलो, दोन जॉयस्टिक्स त्यांनी माझ्याकडे सरकवल्या. पडद्याकडे बघतच त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यांना एक मुलगा आहे, हेही तीन वर्षांत त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"आमचा अमोल बारावीला व्हता. क्लास बुडवून छावनीत जायचा, तिथं एक गेम पार्लर व्हतं. मला कुनीतरी सांगितलं. मी ड्युटीवरून तसाच गेलो, मानगूट धरून उठवला. त्यो म्हनला, पप्पा, एक मिनिट, ते तिघं माज्या भरवशावर हायेत. मी म्हनलो, कसले तिघं? आन दिली ठिवून, चार पोरांसमोर." मामांनी एक किडा मारला. "भायेर आल्यावर रडला. मार लागला म्हनून नाय. म्हनला, तिघं बी मेले, पप्पा, माज्यामुळं."

"मग?"

"मग काय. बोलनं कमी झालं. पुढं गेला सुरतेला. माय गेली तवा आला व्हता, तेरावा करून गेला. माज्याशी बोलला नाय. नंतर रस्ता रुंद कराया ते पार्लर पाडलं, मालक सामान काढीत व्हता, म्या हे घेऊन आलो. म्हनलं बघावं तरी काय व्हतं त्याच्यात. ह्यो शेवटचा टप्पा त्याच्याच्यानं कवा झाला नव्हता म्हनं. म्हनलं, आपन पुरा करू, चौघं घेऊन. मंग त्याला फोन करू." दुसरी काडी उचलून ते म्हणाले, "नुसता कसा करावा फोन? काय तरी सांगाया पायजे ना."

त्या दुपारी मी काय करून ठेवलं होतं, ते मला आता कळलं. "मामा, माझं चुकलं," मी म्हणालो.

"तुला काय ठावं," ते म्हणाले. "बाळ तहानलं व्हतं. सांभाळ, डाव्या अंगाला दोन हायेत."

आम्ही दोघांनी चौघं नेले. मी माझा आणि संतोषचा, त्यांनी इम्रानचा आणि स्वतःचा. यानाच्या दाराशी चौघांना अगदी खेटून उभं केलं, आणि मग एकेक करत आत घेतलं. मामा सर्वांत शेवटी, उलटे. आकडा अकरावर होता.

आणि मामांनी थांबायचं बटण दाबलं.

तीन वर्षांत पहिल्यांदा. पडदा जागच्या जागी थिजला. मामांनी चष्मा पुसला, उशाखालून मोबाइल काढला आणि नंबर लावला. रिंग जात होती, मला बाजूला बसून ऐकू येत होती. ती बराच वेळ वाजली आणि बंद झाली. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"कामावर असंल," मामा म्हणाले.

"हो, दुपारची वेळ आहे," मी म्हणालो.

मी चहा केला, त्यांच्या गोळ्या काढून दिल्या, ड्रमात पाणी किती आहे ते पाहिलं. तळाला वीतभर होतं. निघताना मी टीव्हीकडे बोट दाखवून विचारलं, "बंद करू का मामा? मशीन तापेल."

"नको, नको," ते घाईघाईने म्हणाले. मोबाइल त्यांनी छातीवर ठेवला होता. "बघंल त्यो, मिस कॉल बघितल्यावर लावंल. तवर उभं ऱ्हाऊ दे यान. चौघं हायेत आत. तू मोजून घे आन जा."

मी मोजले. चार होते.